बावधनच्या उतारावरचं आईचं घर : नव्याने बांधलं त्याला दीड वर्ष झालं, म्हणून हा रिव्ह्यू

आधीच सांगते, ज्येष्ठांच्या या वसाहतीचं नाव लिहीत नाहीये. तिथे आई राहते, खूप काही चांगलं आहे आणि काही खटकणारंही आहे, आणि मला कोणाची जाहिरात करायची नाहीये की कोणाला बदनामही करायचं नाहीये. बावधनच्या बाजूला टेकडीच्या पायथ्याशी उताराची जागा, खाली नाला, तो पुढे रामनदीला मिळतो, एवढं पुरे. ज्यांचे आईवडील पंचाहत्तरीच्या पुढे गेलेत आणि जे पुण्यात सीनियर लिव्हिंग शोधतायत त्यांच्यासाठी लिहितेय. मी शोधत होते तेव्हा जिकडेतिकडे क्लबहाऊसचे आणि लॉनचे फोटो मिळायचे, पण वॉकर घेऊन खोलीतून जेवायच्या हॉलपर्यंत म्हातारं माणूस जाणार कसं हे एकानेही लिहिलेलं सापडलं नाही.

बाबा गेल्यावर आई २०१६ मध्ये इथे राहायला आली. तेव्हा इथे बैठ्या कॉटेज होत्या, ३९, टेकडीला बिलगून टप्प्याटप्प्याने बांधलेल्या, झाडं भरपूर, सकाळी मोर ओरडायचे, बघताक्षणी जागा आवडली होती. राहायला लागल्यावर कळलं की आईच्या कॉटेजपासून हॉलपर्यंत २७ पायऱ्या आहेत, त्याही सलग नाहीत, तीन ठिकाणी तुटक, एक उंच एक बुटकी, आणि मधल्या वाटेला शहाबादी फरशी. जूनपासून सप्टेंबरपर्यंत त्या फरशीवर शेवाळ धरायचं, माळी ब्लीचिंग टाकून घासायचा, चार दिवसांनी परत तेच. २०१८ च्या गणपतीत आई तिथेच घसरली, मनगट मोडलं. मनगट दीड महिन्यात बरं झालं पण ती हॉलला जायची ती बंदच झाली. डबा खोलीवर यायला लागला. एवढा एकराच्या हिशोबातला कॅम्पस आणि आई एका खोलीत राहायला लागली, कॅम्पसमध्ये फिरणं मी शनिवारी गेले की तेवढंच.

खालच्या कॉटेजची गत वेगळीच होती. वर मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण, पण नाल्याजवळ सगळी काळी माती, आणि काळी माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, वरची घरं तिच्याबरोबर हलतात. तिथल्या एका काकूंच्या बेडरूमच्या भिंतीत एप्रिल-मेमध्ये बोट जाईल एवढी भेग पडायची आणि ऑगस्टमध्ये ती भेग जवळजवळ मिटायची, तेव्हा मग दार चौकटीत असं घट्ट बसायचं की काकू आत आणि मावशी बाहेरून ढकलतायत. दर दिवाळीला भेगेत पुट्टी भरून रंग द्यायचे आणि काम झालं म्हणायचे. पाया तसाच.

आणि भिंत. टेकडीची माती धरून ठेवायला दगडी भिंत होती, तिला मधोमध पोट आलं होतं. मागे कधीतरी कोणीतरी छान दिसावी म्हणून भिंतीला प्लास्टर केलं होतं आणि त्यात पाणी निघायची भोकंच बुजवून टाकली होती, म्हणजे मागचं पाणी जाणार कुठे, ते भिंतीलाच ढकलणार. जून २०१९ मध्ये कोंढव्यात सोसायटीची भिंत मजुरांच्या झोपड्यांवर पडून १५ जण गेले, त्यानंतर मला आईच्या भिंतीकडे बघून झोप लागेना. त्याच वर्षी सप्टेंबरात आंबिल ओढ्याला पूर आला, एका रात्रीत काय झालं ते सगळ्या पुण्याने पाहिलं, आणि आमच्या नाल्याचं पाणीसुद्धा त्या पावसाळ्यात खालच्या कॉटेजच्या पायरीला लागलं होतं. रहिवाशांची आणि आम्हा मुलांची पहिली मीटिंग त्यानंतर झाली. मग कोविड आला. सगळं थांबलं.

काम सुरू झालं २०२१ च्या शेवटी, पण त्याच्या आधीचं एक सांगायलाच हवं कारण खरा निर्णय तिथे झाला. पहिल्या कन्सल्टंटने जो नकाशा आणला त्यात रॅम्प होता. गेटपासून हॉलपर्यंत १२ मीटरचा चढ, नियमाने रॅम्पचा उतार १:१२ पेक्षा जास्त चालत नाही, म्हणजे १४४ मीटर लांबीचा रॅम्प, वर दर ९ मीटरला सपाट थांबा, असा नागमोडी रॅम्प टेकडीभर फिरवलेला. कागदावर सगळं नियमात. मीटिंगमध्ये एक निवृत्त आजोबा उठले, स्वतः वॉकरवर, आणि म्हणाले, अहो चढायचं मी बघून घेईन, उतरताना हा वॉकर माझ्या पुढे पळतो त्याचं काय करू? सगळे गप्प झाले. माझंही डोकं तिथे उघडलं, तोपर्यंत मी पण रॅम्प कुठाय रॅम्प कुठाय करत होते.

त्यानंतर दुसऱ्या आर्किटेक्ट बाई आल्या. त्यांनी बिल्डिंग आधी काढलीच नाही. आठ दिवस सकाळ-संध्याकाळ कॅम्पसवर येऊन कोण कुठे जातं, कुठे थांबतं, कशाला धरतं ते बघितलं आणि आधी चालायची वाट आखली, खोली ते हॉल, खोली ते देऊळ, खोली ते दवाखाना, आणि त्या वाटेवर एकही पायरी नाही आणि १:२० पेक्षा जास्त उतार नाही असं ठरवून मग बिल्डिंग त्या वाटेभोवती बसवली. टेकडीचा वरचा भाग १:५ पेक्षा उभा आहे, तिथे पुण्यात बांधता येतच नाही, तर तो तसाच झाडांसकट सोडला. २०१४ मध्ये दरडीखाली गाडलं गेलेलं माळीण आपल्याच जिल्ह्यातलं आहे, त्यामुळे वरची टेकडी खोदायची नाही यावर रहिवाशांचं एकमत होतं.

आता बिल्डिंग कशी आहे ते नीट सांगते कारण मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच आहे. सहसा उतारावर टेकडी कापून सपाटी करतात आणि त्यावर बिल्डिंग उभी करतात. इथे बिल्डिंग उताराच्या दिशेनेच लांब ठेवलीय, जिन्यासारखी, खालचे मजले आखूड आणि वरचे लांब. गेटकडच्या टोकाला बघितलं तर पाच मजली दिसते आणि वरच्या टोकाला बैठं घर वाटतं. प्रत्येक मजल्याचा पॅसेज सरळ सपाट जातो आणि टेकडीकडच्या टोकाला जमिनीवरच बाहेर पडतो. म्हणजे आई दुसऱ्या मजल्यावर राहते, पण पॅसेजच्या टोकाचं दार उघडलं की समोर माती, बाकडं, कढीपत्त्याचं झाड! बाहेर पडायला लिफ्ट लागत नाही, जिना लागत नाही. हॉल सगळ्यात वर आहे, त्याला लिफ्टने वरच्या मजल्यावर जायचं आणि छोट्या पुलावरून सरळ आत. आईने मोजलंय, खोलीच्या दारापासून जेवणाच्या टेबलापर्यंत तिची १४० पावलं होतात, मध्ये लिफ्ट.

याचा अजून एक फायदा मला मागच्या वर्षी जुलैत कळला. रात्री वादळी पाऊस, लाईट गेली, जनरेटर चालू व्हायला वेळ लागला आणि लिफ्ट बंद. दुसऱ्या कुठल्या पाच मजली बिल्डिंगमध्ये म्हातारी माणसं अंधारात अडकली असती, इथे प्रत्येक मजल्याला स्वतःचा जमिनीवरचा दरवाजा आहे त्यामुळे कोणाला जिना उतरवायची वेळ येणारच नव्हती, आग लागली तरी येणार नाही. ऐंशीच्या माणसाला जिन्यावरून खाली आणणं म्हणजे काय असतं ते ज्याने केलंय त्याला विचारा. मी बाबांना आणलंय, चार जणांनी खुर्चीत बसवून.

भिंत पण बदलली. एक उंच भिंत काढून तीन बुटक्या केल्या, तारेच्या जाळीत दगड भरून, त्याला गॅबियन म्हणतात. दगड बाहेरून आणला नाही, पायाच्या खोदाईत निघालेला काळा दगडच वापरला. त्यातून पाणी आपोआप झिरपून खालच्या गटारात जातं, बुजवायला भोकंच नाहीत. दोन भिंतींच्या मधल्या सपाटीवर कमरेएवढ्या उंचीचे वाफे केलेत, वाकायला लागत नाही, आई तिथे मेथी आणि अळू लावते. अळूचं पहिलं फदफदं हॉलमध्ये सगळ्यांना वाढलं तेव्हा तिचा फोन आला होता, आवाजावरूनच कळलं की ही आता खोलीत बसून राहणारी आई नाही.

बाथरूमबद्दल थोडं. बांधायच्या आधी त्यांनी जुन्या हॉलमध्ये प्लायवूडचं खऱ्या मापाचं बाथरूम उभं केलं होतं, कमोड, बेसिन, नळ सगळं जागेवर, फक्त पाणी नव्हतं. प्रत्येकाला आत जाऊन बसून उठून दाखवायला सांगितलं. आईचा उजवा खांदा धरतो, ती उठताना डाव्या हाताने जोर देते, तर आर्किटेक्ट बाईंनी भिंतीवर पेन्सिलने तिच्या डाव्या तळव्याच्या जागी रेघ मारली आणि शेजारी खोली नंबर लिहिला. दांडा आज बरोब्बर तिथे आहे. फरशी खरखरीत, पण मऊ टॉवेल अडकेल इतकी नाही, आणि चकाकणारी अजिबात नाही, कारण चकाकणारी फरशी म्हाताऱ्या डोळ्यांना ओली वाटते, मग ती माणसं पाय उचलतच नाहीत, घासत चालतात आणि पडतात.

मग उंबरठ्याचा प्रश्न आला. वॉकर आणि व्हीलचेअरसाठी उंबरठा नको हे सगळ्यांना कळत होतं, पण आईसारख्या बायकांना उंबरठ्याशिवाय घर घर वाटत नाही, सणाला हळदकुंकू वाहायचं कुठे? शेवटी दाराच्या खाली काळ्या दगडाची चार बोटं रुंद पट्टी बसवली, फरशीच्या अगदी समपातळीत, बोट फिरवलं तरी सांधा लागत नाही, आणि बाहेर रांगोळीपुरता दगडाचा चौकोन. आई रोज सकाळी त्यावर दोन बोटं हळद कुंकू लावते. माझ्या मते सगळ्या कॅम्पसमध्ये याच्याइतकं विचार करून केलेलं दुसरं काही नाही.

मे २०२४ मध्ये महारेराने, म्हणजे राज्यातल्या गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाने, ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी नियम काढले. ही बिल्डिंग त्याच्या आधीची, तरी मी टेप घेऊन गेले आणि मोजलं. दार किमान ९०० मिलिमीटर हवं, इथे ९५०. जिना १५०० रुंद आणि दोन्ही बाजूंना कठडा हवा, आहे. एका सलग जिन्यात १२ पेक्षा जास्त पायऱ्या नकोत, इथे १० आहेत आणि प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळी पट्टी. व्हीलचेअर पूर्ण फिरायला दीड मीटरचा गोल लागतो, तो बाथरूममध्ये बसतो, पण बेड आणि कपाटाच्या मध्ये बसत नाही, कपाट दुसरीकडे हलवायला लागलं. तुम्ही कुठेही बघायला गेलात तर टेप घेऊन जा, सेल्सवाले मापं तोंडपाठ सांगतात पण कपाट ठेवल्यावरची सांगत नाहीत. आणि लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवं जातं का ते बघा, माणसाला उभं करून न्यायची वेळ येऊ नये. इथे जातं.

आता खटकलेलं लिहिते, आणि ते मनापासून खटकलंय.

पहिलं आणि सगळ्यात मोठं म्हणजे माणसांना हलवणं. सांगितलं होतं की सामान एकदाच उचलायचं. जुन्या पार्किंगच्या आणि भाजीबागेच्या जागेवर पहिली बिल्डिंग आधी बांधायची, वरच्या कॉटेजवाले सरळ तिकडे, मग मधल्या कॉटेज पाडून दुसरी. वरच्या २४ जणांचं तसंच झालं, आई त्यात होती, २०२३ च्या दिवाळीआधी एका दिवसात शिफ्ट झाली, तुळशीचं कुंडं मांडीवर धरून. पण मधल्या १५ जणांना भाड्याच्या फ्लॅटमध्ये पाठवलं, सहा महिने म्हणून, आणि झाले १४. तिसरा मजला, ओळखीचं कोणी नाही, देऊळ नाही. काही जण तिथूनच मुलांकडे गेले, मुलांची घरं लहान, तरी गेले आणि परत आलेच नाहीत. आईच्या बाजूला संध्याकाळी बसणाऱ्या काकू त्यातल्याच. आईच्या टेबलावरची ती खुर्ची अजून कोणी घेतलेली नाही. बिल्डिंग उशिरा झाली तर तरुण माणूस वैतागतो, ऐंशीचं माणूस त्या उशिरात खचतं, आणि हे ज्यांनी वेळापत्रक केलं त्यांना कळायला हवं होतं. पहिल्या बिल्डिंगमध्ये आणखी ८ खोल्या आधी काढता आल्या असत्या, तसं पत्र आम्ही दिलं होतं.

खडक फोडायचा आवाज. सुरुंग लावले नाहीत हे चांगलं केलं, भोकं पाडून त्यात फुगणारी पावडर भरून खडक तडकवला, पण ती भोकं पाडायला आणि वरचा थर काढायला ब्रेकर लागतोच आणि तो दुपारी दोन ते चार चालायचा, नेमकी सगळ्यांची झोपायची वेळ. तीनदा सांगितल्यावर वेळ बदलली.

बाथरूममधली दोरी. इमर्जन्सी बेलची दोरी जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंत लोंबायला हवी कारण पडलेलं माणूस जमिनीवर असतं. इथे दोरी बरोबर मापाची बसवलीय, पण फरशी पुसताना ती भिजते आणि मळते म्हणून साफसफाईच्या मावशी तिला गुंडाळून वरच्या हुकाला अडकवून ठेवतात. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्या खांद्याच्या उंचीवर होती. मावशींची चूक म्हणणार नाही, त्यांना कोणी कारणच सांगितलं नव्हतं. आईच्या खोलीत मी दर शनिवारी बघते, बाकीच्यांच्या खोल्यांत कोण बघतं?

पुलावरचं छप्पर अरुंद आहे. आपल्याकडे जुलैत पाऊस सरळ कुठे पडतो, आडवा येतो. पहिल्या पावसाळ्यात पूल अर्धा भिजायचा आणि लोक जेवायला थांबून यायचे, आता बाजूला पत्रे लावलेत, वाऱ्याने धडधडतात पण कोरडं राहतं. टेकडीत घुसलेल्या टोकाच्या खोल्या त्यांनी राहायला दिल्या नाहीत, तिथे लाँड्री आणि स्टोअर केलंय ते बरं केलं, पण पहिल्या मजल्यावर त्याला लागून असलेल्या एका खोलीला ओल येते, ती दाखवली तर घेऊ नका.

आणि बाहेरचा रस्ता. आत सगळं सपाट, पण गेटपासून बसस्टॉपपर्यंतचा काँक्रीट रस्ता छातीवर येणारा चढ आहे, फुटपाथ नाही, रिक्षावाले आत यायला जास्त पैसे मागतात. चांदणी चौकाचा नवा पूल २०२३ मध्ये झाल्यापासून कोथरूडहून गाडीने येणं सोपं झालंय, पण गाडी मुलांकडे असते. आई पूर्वी हॉलला जात नव्हती तरी कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडे हळूहळू जायची, थांबत थांबत, कारण जुनं मागचं फाटक वरच्या रस्त्याला निघायचं. नव्या प्लॅनमध्ये ते फाटक बंद झालं, सिक्युरिटीसाठी. आता बॅटरीची बग्गी आहे, सकाळी आठ ते बारा आणि संध्याकाळी चार ते सात, रविवारी नाही. ही जागा चालवणाऱ्या ट्रस्टला माझं एकच म्हणणं आहे की मागचं फाटक दिवसातून चार तास उघडा, एक माणूस बसवा. भाजीवालीशी पाच मिनिटं भाव करणं हे आईचं बाहेरचं जग होतं, आत कितीही सपाट वाट दिली तरी ते भरून येत नाही.

जेवण साधं आणि चांगलं, मऊ भात वेगळा लावतात, भाकरी रोज, रविवारी गोड. नर्स चोवीस तास, डॉक्टर आठवड्यातून दोनदा. पाणी उन्हाळ्यात टँकरचं, या भागात सगळ्यांचंच तसं. महिन्याला जेवणासकट ३४ हजार देतो, डिपॉझिट वेगळं, आणि डिपॉझिट परत किती दिवसात मिळतं ते करारात लिहून घ्या.

बघायला जाणार असाल तर जुलै-ऑगस्टमध्ये जा, पाऊस चालू असताना, दुपारी चारला, आणि ज्यांना राहायचंय त्यांना घेऊन जा. त्यांना खोलीपासून हॉलपर्यंत त्यांच्या चालीने चालू द्या, तुम्ही हात धरू नका, फक्त मागून चला. तिसऱ्या टप्प्याचं काम दिवाळीनंतर सुरू होतंय, नाल्याजवळच्या काळ्या मातीवर आता घरं बांधणार नाहीत, बाग आणि पार्किंग करणार आहेत, तोवर धूळ खालच्या टोकाला येईल. सध्या घ्यायची असेल तर दुसऱ्या किंवा तिसऱ्या मजल्यावरची, टेकडीच्या दाराजवळची खोली मागा. आईच्या शेजारची एक रिकामी आहे.